सरांचं पचन

लातुरात खोली भाड्यानं घ्यायची म्हणजे आधार कार्ड लागतं, अनामत लागते आणि नवरा सोबत का राहत नाही याचं पटेल असं उत्तर लागतं. सरांच्या घरी यातलं काहीच कुणी विचारलं नाही. तिथं आधी जेवावं लागलं.

मी मूळची कंधारची. लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा नवऱ्याची नोकरी नांदेडला होती आणि तो फक्त सुट्टीला यायचा. सरांच्या घरावरची खोली रिकामी आहे असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं आणि हसून म्हणाल्या, "पण उपाशी पोटी जा." मला वाटलं गंमत करतायत. गेले तर ओसरीत पाट मांडलेला. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ताट आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सर समोरच्या खुर्चीवर मांडी घालून बसले आणि मी जेवताना माझ्या जबड्याकडे बघत राहिले. मला बघायला आले होते त्या स्थळांपैकीसुद्धा कुणी इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"बाहेरचं खाता?"

"क्वचित."

"अंडं पचतं?"

"आमच्या घरात खात नाहीत."

"मटण?"

"नाही."

"बरं. जेवताना मधे पाणी पिऊ नका. सामान कधी आणता?"

माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. मी खूश झाले. नवऱ्याला फोन करून सांगितलं की एक वल्ली भेटलीय, जातपात काही विचारली नाही, फक्त पोटाची चौकशी केली.

सर मराठीचे प्राध्यापक होते, निवृत्त झालेले. गल्लीतला किराणावालासुद्धा त्यांना सरच म्हणायचा. अंगानं काटक, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात ओव्याची डबी. भेटेल त्याच्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवायचे, मग तो पोस्टमन असो की मतं मागायला आलेला उमेदवार. सकाळी मी जिना उतरले की "गुड मॉर्निंग" नाही, "झोप झाली का" नाही. विचारायचे, "पचलं का?" पहिल्यांदा मी सहज "हो" म्हणाले, तर लगेच, "कशावरून?" मला उशीर होत होता आणि हा माणूस मला माझ्या पोटाचा पुरावा मागत होता. पुढं मी उत्तर तयारच ठेवायला लागले. "हलकं वाटतंय, भूक आहे, जीभ स्वच्छ." मग ते मान हलवून मला शाळेत जाऊ द्यायचे.

दुपारचं जेवण झालं की सर ओसरीतल्या सतरंजीवर वज्रासनात बसत. त्या वेळी कुणी आलं तरी उठत नसत. बँकेचा साहेब येवो, नाहीतर भाचीची पत्रिका घेऊन मेहुणा येवो, त्यानं समोर बसून सरांच्या गुडघ्यांशी बोलायचं. ढेकरांचं त्यांचं एक शास्त्र होतं. पहिला ढेकर हवेचा, त्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा जेवणाचा. तिसरा आला की मग समजायचं, अन्न कामाला लागलं. जेवल्या जेवल्या आंघोळ करणारा माणूस त्यांच्या लेखी खुन्याच्या खालोखाल होता. ट्यूशनच्या पोरांना खोली द्यायला त्यांचा ठाम नकार. आमच्या भागात त्या पोरांच्या भाड्यावर घरमालक बंगले बांधून राहिले होते, पण सर म्हणायचे, "मेसचं खातात आणि पुस्तकं गिळतात. दोन्ही पचत नाही. माझ्या घरात अपचन नको."

पचणे या एका क्रियापदावर त्यांनी आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. वर्गात काय शिकवत होते देव जाणे, पण ओसरीत त्यांचा विषय हाच. "मॅडम, लोणचं मुरतं. पाणी जिरतं. चहा रिचवतात. आणि अन्न पचतं. का? तर दाणा परक्या शेतातला. तुमचा त्याचा काही संबंध नाही. तो तुमच्या पोटात जाऊन तुमचं रक्त होतो, तुमची नखं होतो. परकं होतं ते आपलं झालं, त्याला पचन म्हणायचं. बाकी सगळं नुसतं हजम. आपल्याकडं पैसा हजम होतो, प्लॉट हजम होतो, पचत काही नाही."

मला हे फार आवडायचं. मी ते शाळेत मुलांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, एकदा तर फळ्यावर लिहिलं. गल्लीतली माणसंही सरांचं ऐकायला ओसरीत येऊन बसत, कारण ते कुणालाही सोडत नसत. किराणावाल्याचा मुलगा पुण्याला चार महिने राहून आला आणि 'आलोय, गेलोय' असं बोलायला लागला, तर सर त्याच्या बापासमोर म्हणाले, "पुणं गिळून आलाय. दोन दिवस लंघन घाला, उतरेल." सगळे हसले, बापही हसला.

त्यांच्या जुन्या संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा सत्कार होता. शाल, श्रीफळ, माणूस मावेल एवढा हार. सरांना दोन शब्द बोलायला बोलावलं, कारण निवृत्त माणूस काय बोलणार असं संयोजकांना वाटलं असावं. मी त्या सभेला होते. सर माईकसमोर गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "अध्यक्षांच्या पचनशक्तीबद्दल मी बोलणार आहे. मला एक भाकरी जास्त झाली तर रात्रभर त्रास होतो. यांनी इमारत फंड खाल्ला, मुलींच्या वसतिगृहाचं धान्य खाल्लं, आणि इतक्या वर्षांत एक ढेकर दिलेला मी ऐकला नाही. ईश्वर त्यांना असंच पोट देवो." मागच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांच्या माणसांनी माईक बंद केला. सर शांतपणे खाली आले आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ओवा वाटत बाहेर पडले.

त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले. हे आठवलं की आजही त्यांचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

काकू या सगळ्यात कुठं होत्या? चुलीपुढं. म्हणजे गॅसपुढं, पण सरांना भाकरी चुलीवरचीच पचते म्हणून मागच्या पडवीत चूलही होती. पाहुणे आले की सर मोठ्या कौतुकानं सांगत, "माझ्यापेक्षा हिचं पचन चांगलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी आई बोलली, मी बोललो, बहिणी बोलल्या. सगळं पचवलं. एकदा उलटून बोलली नाही." पाहुणे माना डोलवत. काकू पदर खोचून आत जात. एकदा मी स्वयंपाकघरात होते तेव्हा त्या आत येऊन भांडी घासता घासता म्हणाल्या, "पचिवलं म्हणतेत. बोलाया कुणी दिलं का मला?" आणि लगेच, "सरांना सांगू नका बरं का."

खालची मागची खोली रिकामी झाली तेव्हा एक तरुण आला. वीज मंडळात नोकरी, नवीन लग्न. पाट मांडला, ताट आलं. तो पोरगा इतक्या निवांतपणे जेवला की मी मनात म्हटलं, याला सर खोलीच काय, घर लिहून देतील. घास लहान, मधे पाणी नाही, ताट स्वच्छ. सरांचे प्रश्न सुरू झाले. बाहेरचं खाता? अंडं पचतं? तो सरळ माणूस. म्हणाला, "खातो सर, रविवारी." सरांनी त्याच्या आडनावाची चौकशी केली, वडिलांचं गाव विचारलं, गावात घर कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. मग म्हणाले, "कळवतो."

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "चांगला होता की. खाल्लं बी किती सावकाश."

"घाईनं गिळतो," सर म्हणाले. "पचन नाही त्याचं."

मी जिन्यात उभी होते. मला माझं जेवण आठवलं, माझी उत्तरं आठवली आणि अंडं नाही, मटण नाही हे ऐकून आलेलं त्यांचं 'बरं' आठवलं. लातुरात बाकीचे घरमालक जात विचारतात. सरांनी ती पोटातून काढून घ्यायची रीत शोधली होती, एवढाच काय तो फरक.

याच सुमाराला मला त्यांच्या मुलीबद्दल कळलं. तीन वर्षं त्या घरात राहूनही तिचा फोटो मी पाहिला नव्हता. तिनं फार्मसी केली, नांदेडला औषध दुकानात नोकरी धरली आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी रजिस्टर लग्न केलं. त्याचं घर नायगावकडं. आडनाव असं, की सरांच्या पाटावर त्याला ताटसुद्धा आलं नसतं. सरांनी आरडाओरडा केला नाही, धमक्या दिल्या नाहीत. फक्त तिचं नाव घेणं बंद केलं.

मला हे काकूंनी सांगितलं. सरांची वामकुक्षी सुरू झाली की त्या गुडघे धरत धरत वर माझ्या खोलीत यायच्या आणि माझ्या मोबाइलवरून लेकीशी बोलायच्या. सुट्टीच्या दिवशी हा नेम ठरलेला. बोलणं काही विशेष नसायचं. भाजी काय केलीस, सासू कशी हाय, केस गळायलेत का अजून. फोन ठेवला की माझ्या पलंगावर बसून राहायच्या.

"मॅडम, मला दुसरं काई नगं. एक डाव तिनं ह्या घरात बसून जेवावं. माझ्यासमोर. पोटभर. मग मी सुटले."

"सरांशी बोलून बघा ना काकू."

"बोल्ले की. म्हन्ले, मला पचायचं न्हाई. ज्याला पचत न्हाई त्याच्या तोंडात कोंबावं का घास?"

एवढं जगाला पचन शिकवणारा माणूस, आणि घरातल्या घरात उत्तर काय, तर मला पचायचं नाही. मी तेव्हा ठरवलं की सरांशी बोलायचं. बोललेही. एके सकाळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा म्हटलं, "सर, परकं आपलं करणं म्हणजे पचन ना? मग जावई?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. डबी काढली, ओवा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि म्हणाले, "सगळंच खाण्यासाठी नसतं मॅडम." त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला पचलं का विचारलं नाही.

तो रविवार होता. नवरा आला नव्हता. अकराच्या सुमाराला मी खाली आले तर काकू अंगणात फेऱ्या मारत होत्या आणि सर ओसरीवरून सूचना देत होते, "हात हलवत चल. मोठा श्वास घे." काकूंचा चेहरा घामानं थबथबलेला, एक हात छातीखाली दाबलेला.

"काय झालं काकू?"

"जळजळायलंय. जबडाबी दुखायलाय," त्या म्हणाल्या.

"भरीत खाल्लं काल," सर म्हणाले. "पित्त आहे. ओवा, काळं मीठ, लिंबू दिलंय. शतपावली केली की सुटेल."

मी म्हटलं, "सर, हे पित्त वाटत नाही. दवाखान्यात नेऊ या."

"तुम्ही भूगोल शिकवा मॅडम. पोटाचं मला सांगू नका."

"मी रिक्षा आणते."

"रिक्षा कशाला? हीच सांगेल तुम्हाला. काय गं?"

काकू थांबल्या. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "असू द्या मॅडम. चालते मी. त्यांना कळतं पोटातलं."

मी तशीच चपला घालून कोपऱ्यावर पळाले. रिक्षा घेऊन आले तेव्हा काकू अंगणात आडव्या होत्या आणि सर त्यांच्या तळपायाला ओव्याचं तेल चोळत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली, सरांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, हृदयविकाराचा झटका, लवकर आणायला पाहिजे होतं. मी शेजारी उभी होते, मी ऐकलं. सरांनीही ऐकलं. पण मातीला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत राहिले, "पित्त डोक्यात गेलं. भरीत खाल्लं होतं." लोक म्हणाले, "हाव, पित्त लई वाईट." वांग्यावर एका बाईचा जीव ढकलला आणि सगळ्यांनी तो ढकलू दिला.

मुलीला फोन मी केला. ती आली, आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाजूला उभी राहिली. भावकीतल्या बायका तिच्याभोवती जागा सोडून उभ्या होत्या. सरांनी तिकडं मान वळवली नाही. माती झाली आणि ती कुणाच्याही घरी पाणी न पिता बसस्टँडवर गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भावकी, सोयरे आपापल्या घरून पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्या माणसांना बसवून खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो कुणी नाकारत नाही. ज्याच्याशी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे त्यानं आणला तरी घरधनी एक घास तोंडात घालतो, मग भांडण उद्या पुढं चालू. एवढी एक रीत तरी आमच्या लोकांनी धड राखली आहे असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. सोबत तिची सासू. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि हातात पिठल्याचा डबा. ओसरीत भावकीची माणसं बसली होती, मध्ये सर. मी दाराशी होते. सगळ्यांना कळलं आता काय होणार ते. नाही म्हणायची सोयच नव्हती. मला वाटलं, काकू, तुम्ही जिवंतपणी जे मागितलंत ते आता मेल्यावर तरी होतंय.

सासूबाई पायरीशी थांबल्या. "इवाई," त्या म्हणाल्या. व्याही म्हणून सरांना तोवर कुणी हाक मारली नव्हती. ओसरीतला एक जण उगाच खोकला. "इवाई, तुमच्या दारात कधी आले न्हवते. आज यावं लागलं. सोयऱ्याचा कडू घास हाय. घासभर घ्या."

त्यांनी फडकं सोडून पायरीवर ठेवलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घेतलं आणि हात पुढं केला.

सरांनी तो हात बघितला. मग अगदी हळू, सभ्य आवाजात म्हणाले, "माझं पोट ठीक नाही. बेसन पचायचं नाही मला."

"मग कोरी भाकर घ्या, जरा येवढी. रीत म्हणून."

"ज्वारीही जड पडेल."

"सरांना पोटाचा त्रास हाय, जुना," त्यांचा चुलतभाऊ घाईनं म्हणाला. "हाव, जुना हाय," अजून दोघेतिघे म्हणाले. ज्या माणसाच्या पोटाची सगळ्या गल्लीला ख्याती होती त्याला एका मिनिटात सगळ्यांनी आजारी करून टाकलं. मुलगी बापाकडे बघत होती. तिनं एकदाच म्हटलं, "अण्णा." सर वाशांकडे बघत राहिले.

सासूबाईंचा हात तसाच पुढं होता. तो त्यांनी मागं घेतला. चिडल्या नाहीत. वळून सुनेला म्हणाल्या, "बस गं."

मुलगी उभीच.

"बस म्हणते ना. माय तुझी मेली. परवापास्नं तुझ्या पोटात चहाबिगर काई न्हाई. ह्यांना घास घालायला गाव लोटलंय, तुला घातला का कुणी? बस हितं."

ती पायरीवर बसली. सासूनं तोच घास तिच्या तोंडात घातला. मग दुसरा मोडला. "रडायलीस कशाला, गिळ आधी. हां. अजून घे." पायरीवर बसून ती बाई परक्याच्या लेकीला भरवत होती आणि ओसरीत बसलेली तिच्या रक्ताची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. पोरीनं एक भाकरी संपवली. लेक या घरात बसून जेवली, पोटभर जेवली, आणि ते बघायला काकू नव्हत्या.

जाताना सासूबाईंनी उरलेल्या भाकरी तिथंच पायरीवर झाकून ठेवल्या. कडू घास परत नेत नाहीत म्हणाल्या. मला हात जोडले आणि सुनेला पुढं घालून निघाल्या. त्या फडक्याला ओसरीतल्या कुणीही हात लावला नाही.

दिवेलागणीला चुलतभावाच्या घरून डबे आले. त्यांच्या घरच्या बायका पाहुण्यांत गुंतल्या होत्या, म्हणून वाढायचं काम माझ्याकडे आलं. झाकण काढलं तर आत पिठलं आणि ज्वारीची भाकरी. सर पाटावर बसले. मी वाढलं. त्यांनी एक भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली, पिठलं पुन्हा घेतलं, कांदा फोडून घेतला. मी वाढत राहिले, कारण सुतकाच्या घरात जेवत्या माणसाच्या पुढून ताट ओढून घ्यायची रीत नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी चूळ भरली, पंच्याला हात पुसले आणि ओव्याची डबी काढली.

"जरा जास्तच झालं मॅडम," ते म्हणाले. "पण घरचं होतं. पचेल."